रात्री साडेदहाचा फोन उचलायचा का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला तू, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. घरात कुणाला कन्नड उतारा वाचता येत नाही म्हणून कन्नड मजकूर देवनागरीत दाखवणारं छोटं टूल केलंस आणि गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, एमआयटी परवान्याखाली कुणीही वापरावं म्हणून खुलं ठेवलंस. आता ते झेरॉक्सच्या दुकानांत चालतं. निपाणीकडचा एक दुकानदार रात्री साडेदहाला फोन करून म्हणतो, "तूच केलंयस न्हवं? मग तूच बघ की." परीक्षा तोंडावर आली आहे आणि तू विचारतोस, या लोकांचं मी देणं लागतो तरी किती?

कायद्यानं विचारशील तर शून्य. एमआयटी परवान्याचा शेवटचा परिच्छेद इंग्रजी मोठ्या लिपीत तेवढंच सांगतो: आहे तसं घ्या, हमी कसलीच नाही, नुकसान झालं तर लिहिणारा जबाबदार नाही. पण तू कायदा विचारत नाहीस. त्या दुकानात काउंटरच्या अलीकडे एखादा म्हातारा उभा असतो, सोसायटीच्या कर्जासाठी उतारा घेऊन आलेला. तो तुला झोपू देत नाही.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच क्रमांक असलेल्या पद्धतीत, नेणारं एक टूल मी चौदा वर्षं सांभाळते आहे. बेळगावच्या शहापुरात आमचं टाइपसेटिंगचं दुकान होतं, लग्नपत्रिका एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड, त्यातून ते जन्मलं. शिव्याही भरपूर खाल्ल्या. एवढ्या वर्षांनी माझं मत असं झालंय की वेळ देणं आपण कुणालाच लागत नाही. खरं सांगणं मात्र लागतो, आणि किल्ली लागतो.

आधी खरं सांगण्याचं. तुझा कोड उघडून बघितला. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड एकाच साच्यावर मांडलेत, दोन्हींत 896 चं अंतर. देवनागरी 'क' 2325 वर, कन्नड 'क' 3221 वर. तू प्रत्येक अक्षरातून 896 वजा करतोस आणि काम होतं. आकडेसुद्धा बरोबर येतात, म्हणजे सर्व्हे नंबर सुरक्षित. पण कन्नडमध्ये एकार-ओकार ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. मराठीत ती जोडी नाही. त्यामुळे आपल्या शहराचंच नाव तुझं टूल 'बॆळगावि' असं दाखवतं. ती वाकडी मात्रा आमच्या म्हाताऱ्यांनी जन्मात पाहिलेली नाही. गावाच्या नावाचं हसून सोडता येईल. पण कुणी तिथलं आडनाव जसंच्या तसं उचलून अर्जात लिहिलं आणि ते आधारशी जुळलं नाही, तर त्याच्या चार खेपा वाया जातात. ही चूक आजच दुरुस्त कर असं मी म्हणत नाही. पण तुला ती माहीत आहे, गिटहबवरच्या इश्यूमध्ये, म्हणजे चुकांच्या यादीत, तूच मार्चमध्ये लिहिलंयस, आणि टूलच्या पानावर एक ओळ नाही. 'हे फक्त वाचायला आहे, नावं इथून उतरवून घेऊ नका.' एवढी ओळ तू लागतोस. मराठीत लिही, कन्नडमध्येही लिही.

आता किल्ली. आमच्या गावात पोरांनी वाचनालय चालवलं होतं, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत. सगळा भार एकाच पोरावर. चार वर्षं रोज संध्याकाळी त्यानं दार उघडलं, एक पैसा घेतला नाही. मग पुण्याला नोकरी लागली आणि गेला. जाणारच, आमच्याकडचं शिकलेलं पोर एक तर पुणे नाहीतर बेंगळुरू. किल्ली त्याच्या खिशात राहिली. मागायचा संकोच, गणपतीला येईल म्हणून थांबलो, तर तो आलाच नाही. दीड वर्षानं कुलूप तोडलं तेव्हा कपाटाचा खालचा कप्पा वाळवीनं खाल्ला होता. आमची आजी एवढंच म्हणाली, "गेला त्येचं काय न्हाई, खरं किल्ली ठेवून जायला काय झालतं?"

तुझ्याकडेही किल्ल्या आहेत: गिटहबचं खातं, एनपीएमवर (लोक तयार कोड जिथून उतरवून घेतात तिथं) नवी आवृत्ती चढवायचा हक्क, आणि ते डोमेन, म्हणजे टूलचा इंटरनेटवरचा पत्ता. थांबायचं असेल तर थांब, पण सांगून थांब. गिटहबवर प्रकल्प अर्काइव्ह करता येतो. कोड वाचायला आणि उतरवून घ्यायला राहतो, नवं काही चढत नाही. 'डेबियन' ही खुली संगणकप्रणाली चालवणारे तर सांभाळणारा सोडून गेला की त्या पॅकेजला सरळ 'अनाथ' म्हणून यादीत टाकतात. शब्द कडू आहे, पण कुणाची फसगत होत नाही.

मात्र किल्ली कुणाच्या हातात देतोस ते बघ. 'एक्सझेड' हे फाइली दाबून लहान करणारं टूल लासे कॉलिन एकटाच सांभाळत होता. 2022 मध्ये अनोळखी नावांनी मेल येऊ लागल्या: कामं अडलीत, तुला जमत नसेल तर दुसऱ्याला दे. हे बिनपगारी छंदाचं काम आहे, मानसिक प्रकृतीही बरी नाही, असं त्यानं लिहिलं. शेजारी 'जिया टान' नावाचा एक मदतनीस होता, कामसू, नम्र. हळूहळू अधिकार त्याच्याकडे गेले, आणि 2024 मध्ये 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांतून चोरदरवाजा निघाला. मेल करणारी ती नावं बनावट असावीत असा दाट संशय आहे. एसएसएचनं, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायच्या सुरक्षित वाटेनं, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड खणत बसला म्हणून 29 मार्चला ते उघडकीला आलं. नाहीतर पसरलं असतं. मी कॉलिनला दोष देत नाही. थकलेल्या माणसाला घाई करणाऱ्यांना देते. म्हणून तुला कुणी 'लगेच अ‍ॅक्सेस दे, मी बघतो' म्हणालं, तर देऊ नकोस. कोड खुला आहे, त्याला त्याची प्रत काढून दुसऱ्या नावानं चालवू दे. वाळवी परवडली, चोर नको.

आणखी एक करू नकोस, रागात असलास तरी. जानेवारी 2022 मध्ये 'कलर्स' नावाच्या लायब्ररीच्या (इतर प्रोग्रामांत वापरायच्या तयार कोडाच्या) कर्त्यानं स्वतःच नव्या आवृत्तीत न संपणारं चक्र घातलं, बड्या कंपन्या फुकट वापरतात या रागानं. त्याचा राग मला कळतो. पण पाणपोई बंद करायचा हक्क असतो, माठात काही टाकायचा नसतो.

उलट दिशेचं टूल, मोबाइल अ‍ॅप, जुन्या हस्तलिखित उताऱ्यांचे फोटो वाचणं, या मागण्यांना 'नाही' एवढं उत्तर पुरे. कारणही देऊ नकोस, कारण दिलं की वाद घालतात. आणि आपल्याकडे तर लिपीचं नाव काढलं की वाद तयारच असतो.

राहिला दुकानदार. तो पानामागे पैसे घेतो, म्हणजे गिऱ्हाइकाला जबाबदार तो. फोन उचलू नकोस, नंबर टूलच्या पानावरून काढ. सकाळी एक मेसेज टाक: परीक्षा संपेपर्यंत काम बंद, अडचण असेल तर गिटहबवर लिहा. तिथं लिहायला त्याला येत नसेल तर पोराला विचारील. धंदा त्याचा आहे.

ऱ्हस्व एकार-ओकाराचं मी आज रात्री करून तुला पाठवते, चाचण्यांसकट. लगेच मर्ज करू नकोस, म्हणजे तुझ्या कोडात मिसळू नकोस. मी कोण हे तुला कुठं माहीत आहे? पेपर झाल्यावर ओळ न ओळ वाच, मग बघ.