आईच्या आजारात मी संशोधक की मुलगी?

प्रश्न: मी नवी मुंबईत पीएच.डी. करते. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशी डॉक्सोरुबिसिन या केमोथेरपीच्या लाल औषधाला दाद देईनाशा का होतात, हा माझा विषय. तीन महिन्यांपूर्वी आईला हाच आजार निघाला. साताऱ्याला तिची केमोथेरपी चालू आहे आणि तिलाही तेच औषध देतात. मी रात्र रात्र शोधनिबंध वाचते. बाबा प्रत्येक रिपोर्ट मला पाठवतात. परवा आईची लघवी लाल झाली म्हणून काकांचा मध्यरात्री फोन आला. आई विचारते, ‘तुझ्या संशोधनाचा मला काही उपयोग होईल का गं?’ मी काय उत्तर देऊ? इथे थांबू की घरी जाऊ?

उत्तर: घरच्यांनी तुला डॉक्टरांच्या खुर्चीवर बसवले आणि तूही नको म्हणाली नाहीस. ती खुर्ची आधी रिकामी कर. पुढचा रिपोर्ट आला की बाबांना स्पष्ट सांग, की याचा अर्थ आईचे डॉक्टरच सांगतील. काकांना हे दोनदा सांगावे लागेल, कारण घरात एक जण शिकला की त्याला सगळेच कळते, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते.

रात्रीच्या वाचनाविषयी तुझ्याच विषयातले सांगते. औषधाला न जुमानणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केल्या जातात. महिनोन्‌महिने औषधाची मात्रा थोडी थोडी वाढवत नेऊन, त्यातून तगलेल्या तेवढ्याच पुढे वाढवल्या जातात, हे तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. दिवसभर अशा निवडक चिवट पेशी पाहून रात्री आईच्या गाठीबद्दल अनुमान काढणे हे शास्त्र नव्हे, ती भीती आहे. असा निष्कर्ष तू प्रबंधात लिहिला असतास, तर मार्गदर्शकांनी ते पान परत केले असते.

तुझ्या ज्ञानाचा घरी उपयोग आहे, पण तो साधा आहे. या औषधाने लघवी एक-दोन दिवस लालसर होते आणि ते रक्त नसते, एवढे आधी सांगितले असतेस तर काकांची झोपमोड टळली असती. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचे. हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, खाली रुग्णालयाचा फोन नंबर घालून फ्रीजवर लाव.

आता आईचा प्रश्न. तिला खोटी आशा देऊ नकोस. तुझे काम तिच्या या उपचारांना पुरणार नाही, हे तिला बहुधा कळलेलेच आहे. तू दिवसभर काय करतेस यात तिला सामील व्हायचे असेल, असे मला पत्रावरून वाटते. म्हणून तिला त्या पेशींची हकीकत सांग. मिशिगनमध्ये उपचार घेणाऱ्या एका ख्रिस्ती जोगिणीच्या छातीत साचलेल्या पाण्यातून त्या मिळाल्या आणि १९७३ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. तिला स्वतःला त्यांचा उपयोग झाला नाही, पण संप्रेरकांवर पोसणारा स्तनाचा कर्करोग आणि टॅमॉक्सिफेनसारखी औषधे यांविषयी पुढे जे समजले, त्यात या पेशींवरील कामाचा मोठा वाटा आहे. ती जोगीण त्याआधीच वारली होती, हे सांगायचे की नाही, ते त्या दिवशीची आईची तब्येत पाहून ठरव.

राहिला घरी जाण्याचा प्रश्न. पेशी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसवर वर्षानुवर्षे राहू शकतात. त्या गोठवून ठेव, मार्गदर्शकांना याच आठवड्यात सगळे सांग आणि आईच्या प्रत्येक डोसच्या वेळी साताऱ्याला राहता येईल अशी रजा माग. संकोच वाटत असेल तर आधी लेखी अर्ज दे आणि मग भेट. जाताना लॅपटॉप मात्र नवी मुंबईतच राहू दे.