जावयाने आणलेली बाटली आणि दवाखान्याचा वास

प्रश्न : जावईबापूंनी लंडनहून आर्डबेगची ‘वी बीस्टी’ ही स्कॉच व्हिस्की आणली. बाटलीवर वय पाच वर्षं. मी तीस वर्षं व्हिस्की सोड्यातून घेतो, पण हिचं बूच काढलं आणि डेटॉल सांडल्यासारखा वास सुटला. सौ.ने आतून विचारलं, “कुणाला लागलंय का?” माल खराब आहे, की कोवळ्या वयात बाटलीत भरल्याने असं झालं?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

उत्तर : वहिनींच्या नाकाला दाद द्यायला हवी. माल खराब नाही, ही व्हिस्की अशीच असते. मी बत्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. आर्डबेग पहिल्यांदा हुंगली तेव्हा मला थेट प्रॅक्टिकलची खोली आठवली. तो वास फिनॉलच्या घराण्याचा. फिनॉल म्हणजे जुनं कार्बोलिक आम्ल, आणि डेटॉलमधलं मुख्य द्रव्य त्याचंच भाऊबंद. सर्जन जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली जखमेवर कार्बोलिक आम्ल लावलं, तेही स्कॉटलंडातच, ग्लासगोत! (म्हणून हिला औषध समजू नका.)

हा वास वरून घातलेला नसतो. आर्डबेग येते स्कॉटलंडच्या आयला बेटावरून. स्पेलिंगमध्ये एस दिसतो, पण उच्चार आयलाच. पहिल्या घोटाला तुमच्या तोंडून जे निघालं असेल तेच. तिथे झाडं कमी, पीट मात्र मुबलक. पीट म्हणजे दलदलीत शेवाळ आणि झुडपं अर्धवट कुजून साचलेला काळा थर. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. त्याच्या विटा कापून वाळवतात आणि मोड आलेली बार्ली ओली असतानाच त्या धुरावर धरतात, कारण धूर ओल्या दाण्यालाच धरतो. आर्डबेगच्या माल्टमध्ये, म्हणजे या मोड आणून वाळवलेल्या बार्लीत, दहा लाख भागांत सुमारे ५५ भाग फिनॉल असतं. त्याच बेटावरच्या ‘ऑक्टोमोर’च्या एका बाटलीसाठी हा आकडा ३०९ पर्यंत गेला होता. पण हे मोजमाप धान्याचं. दळताना, आंबवताना, ऊर्ध्वपातनात त्यातलं बरंच गळतं. तेव्हा आकडे सांगून मिशा पिळणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

वयाबद्दलची तुमची शंका मात्र निम्मी खरी आहे. कायद्याने स्कॉच किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात राहावी लागते, त्यामुळे पाच वर्षं म्हणजे कोवळंच वय. पिंपात वर्षं जातात तसा धूर मवाळ होतो आणि लाकडाचा गोडवा वर येतो. इथे धूर दांडगा हवा म्हणूनच ती लवकर बाहेर काढली आहे. नावाचा अर्थच ‘चिमुकलं जनावर’. मला तर धुराची व्हिस्की अशी अल्लडच आवडते. म्हातारी झाली की शहाणी होते आणि महागही.

आता सोडा बाजूला ठेवा. बुडबुड्यांबरोबर नुसता धूरच नाकात चढतो. तोंडाशी निमुळत्या ग्लासात वीसेक मिली घ्या, ग्लास नाकापासून चार बोटं लांब धरा आणि ओठ किंचित उघडे ठेवून हुंगा. ४७.४ टक्के अल्कोहोल आहे, नाक खुपसलंत तर ते बधिर होईल. पहिला घोट फक्त जीभ सरावण्यासाठी. मत दुसऱ्या घोटानंतर बनवा. मग चमचाभर साधं पाणी घाला. डेटॉल मागे सरेल आणि चुलीत भाजलेल्या सुक्या बोंबलाचा खारा, खरपूस वास येईल. माझ्या जिभेला तरी येतो. पाण्याने ग्लास जरा गढूळला तर पुन्हा माल खराब म्हणून पत्र धाडू नका. ही व्हिस्की थंड करून गाळलेली नसते, त्यामुळे तिच्यातली तेलं पाण्यात धुरकट दिसतात.