कॅसेट दुकानात द्यायच्या आधी एवढं वाच

राजारामपुरीच्या भावा, तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. वडिलांच्या जुन्या कॅसेटमध्ये एक इंग्रजी रॉक गाणं, त्यात बासरी वाजते, शब्द धड कळत नाहीत, अ‍ॅप ओळखत नाही, आणि आता तू विचारतोयस की कोल्हापुरात कॅसेटचं एमपीथ्री करून देणारं दुकान कुठलं. बाकीचं नंतर सांगतो. आधी ती कॅसेट कुठल्याही दुकानात देऊ नकोस.

माझं दुखणं हेच होतं. मोठ्या चुलतभावानं शॉर्टवेव्हवरून टेप केलेली कॅसेट होती. त्यातल्या एका गाण्याची सुरुवात म्हणजे पेटीवर कुणीतरी भरधाव एकच तुकडा घोळवतंय असं वाटायचं, आणि शेवटी व्हायोलिन असं काही सुटायचं की पाय थांबत नसत. दादाला नाव आठवत नव्हतं. शहरातल्याच एका दुकानात कॅसेट दिली. त्यांनी ती 'साफ' करून दिली. म्हणजे खरखर काढली, गाण्यांच्या मधलं सगळं बोलणं कापलं, प्रत्येक गाण्याची वेगळी फाइल केली आणि नाव दिलं ट्रॅक १, ट्रॅक २. आता, त्या कापलेल्या बोलण्यातच निवेदक बँडचं नाव सांगायचा, हे मला लहानपणापासून पक्कं माहीत होतं! मूळ कॅसेट मागायला गेलो तर म्हणे, मशीनमध्ये टेप गुंतली, तुटली, टाकून दिली. आतल्या कार्डावर दादानं पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं होतं, तेही कचऱ्यात. वर मलाच विचारतात, "गाणी मिळाली ना तुम्हाला?" आजही आठवलं की डोकं तापतं. दुसऱ्याच्या घरातली एकुलती एक वस्तू हातात घेतली तर निदान विचारावं तरी.

म्हणून माझं ठाम मत आहे (इतरांचं वेगळं असेल, मी काही साउंड इंजिनिअर नाही): असं गाणं शोधताना गाण्याच्या आजूबाजूचा आवाज गाण्याइतकाच कामाचा असतो. निवेदकाचा एखादा शब्द, आधीचं गाणं, नंतरचं गाणं, कार्डावरचं अक्षर, सगळं. जर्मनीत १९८० च्या दशकात रेडिओवरून टेप केलेलं एक गाणं लोक २००७ पासून इंटरनेटवर शोधत होते. ते सापडलं २०२४ मध्ये. कील शहरातल्या फेक्स नावाच्या बँडचं निघालं. धागा गाण्यात सापडला नाही, जुन्या वर्तमानपत्रातल्या बातमीत सापडला. तुझ्या कॅसेटवर बासरीवाल्या गाण्याच्या आगेमागे ओळखीचं एखादं गाणं असेल, तर डिस्कॉग्ज या साइटवर ती दोन्ही कुठल्या अल्बममध्ये किंवा संग्रहात एकत्र आहेत ते बघ. निम्मं काम तिथेच होतं.

आता अ‍ॅप का ओळखत नाही ते. शाझमसारखी अ‍ॅपं मूळ रेकॉर्डिंगच्या ठशाशी तुझा आवाज ताडून बघतात. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंमी वेगानं फिरायला हवी. जुने डेक (कॅसेट वाजवायची यंत्रं) आणि हल्लीचे स्वस्त यूएसबी प्लेअर हा वेग क्वचितच बरोबर धरतात. थोडा फरक पडला की माणसाला कळत नाही, अ‍ॅप मात्र गडबडतं. मला हे भजनी मंडळातल्या एका पेटीवाल्या काकांमुळे कळलं. त्यांना फाइल ऐकवली. पेटीची पांढरी चार ही पट्टी दाबली तर गाणं चढं लागायचं, लगतची काळी तीन दाबली तर उतरलेलं. काका म्हणाले, "हे दोन पट्ट्यांच्या मधे अडकलंय, तुझी टेपच पळतीया." एका पट्टीचा फरक म्हणजे वेगात साधारण ६ टक्के, अर्ध्याचा ३ टक्के. ऑडॅसिटी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ३ टक्क्यांनी कमी केला आणि शाझमला ऐकवलं. लगेच नाव आलं.

द हू या बँडचं 'बाबा ओ'रायली', १९७१. हे नाव अख्ख्या गाण्यात कुठेही येत नाही, त्यामुळे ओळी टाकून नाव शोधणारे हमखास फसतात. आणि त्यातले बाबा म्हणजे आपल्या नगरजवळच्या अरणगावचे मेहेर बाबा! बँडचा पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. हे वाचलं तेव्हा मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

अजून एक. त्याआधी एका जाणकारानं मला हेच नाव सुचवलं होतं, पण पाठवलं कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग. बहुतेक कॉन्सर्टमध्ये शेवटी व्हायोलिनच्या जागी माउथ ऑर्गन वाजवतात, त्यामुळे ते नाव बाद झालं आणि बराच काळ वाया गेला. कुणी नाव सुचवलं तर स्टुडिओतलं आणि कॉन्सर्टमधलं, दोन्ही ऐक.

तुझ्या बासरीबद्दल. गाणं संथ असेल आणि बासरी मधे येत असेल तर मूडी ब्लूजचं 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' ऐक. गाणं सुरूच बासरीनं होत असेल तर मार्शल टकर बँडचं 'कान्ट यू सी'. वाजवणाऱ्याचा श्वास आणि गुरगुर बासरीतच ऐकू येत असेल तर जेथ्रो टल हा बँड, आणि मग त्यांच्या १९७१ च्या 'अ‍ॅक्वालंग' या अल्बमपासून सुरुवात कर. नाचरं, हलकंफुलकं असेल तर मेन अ‍ॅट वर्कचं 'डाउन अंडर'. हा सगळा अंदाज आहे, छातीठोक नाही. शब्द कळत नसतील तर जसे ऐकू येतात तसे आधी देवनागरीत लिहून ठेव. इंग्रजी शब्द बसवायचा प्रयत्न तू करू नकोस, ते दुसऱ्या कुणाला तरी करू दे. आपण एकदा चुकीचा शब्द धरला की कानाला पुढे तोच ऐकू येतो.

कॅसेट माळ्यावर होती म्हणतोस, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी पावसाळ्यांची ओल तिनं खाल्लीय. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी पूड दिसते का बघ. ती बुरशी असते, तशीच लावलीस तर डेकचं हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) घाण होतं आणि टेपही जाते. पूड नसेल तर मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे आधी मोड, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. मग पेन्सिलीनं थोडी फिरवून बघ, मोकळी फिरते का. आतला स्पंजचा छोटा तुकडा निघाला असेल तर लावूच नकोस, आधी मला फोटो पाठव. हेड स्पिरिटनं पूस. आवाज डेकच्या लाइन आउटमधून (आवाज बाहेर काढायच्या खाचेतून) वायरनं घे, मोबाइल समोर धरून नको. फाइल वेव्ह (आवाज न दाबणाऱ्या) प्रकारातच ठेव, खरखर अजिबात काढू नकोस, आणि पूर्ण बाजू एका दमात घे, मधे कुठे थांबवू नकोस.

झालं की ते गाणं आणि त्याच्या आधीची-नंतरची दोन-दोन मिनिटं, काहीही न कापता, इथे टाक. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटोही टाक. कॅसेट कोऱ्या टेपवर भरलेली आहे की कंपनीची छापील, ते तू लिहिलं नाहीस. छापील असेल तर कार्डावरचा नंबर तेवढा लगेच दे, रात्री बसून बघतो.