पर्ज व्हॉल्व्ह दोनदा बदलला तरी पी०४४४ कोड परत येतो, आता ईसीएम बदलावा का?

नाही, इतक्यात नको. तुम्ही लिहिलंय की चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०४४४ आला, गॅरेजमध्ये दोनदा नवा पर्ज व्हॉल्व्ह बसवला, दोन्ही वेळा आठवड्याभरात दिवा परत लागला आणि आता ईसीएमचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचे, ३५ हजार सांगताहेत. गाडी चालायला मात्र ठीक आहे. एवढ्याच माहितीवर ३५ हजार घालवू नका. मी साताऱ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, आणि या तक्रारीत ईसीएम खरोखर गेलेला मी फार कमी वेळा पाहिलाय. दोष बहुतेक वेळा हातभर वायरीत सापडतो.

आधी हा कोड कसा लागतो ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं पटेल. पेट्रोलच्या टाकीत वाफ तयार होते. ती हवेत जाऊ नये म्हणून कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठवतात. इंजिन तापलं की ईसीएम पर्ज व्हॉल्व्ह उघडझाप करून ती वाफ इंजिनला ओढू देतो. व्हॉल्व्हला दोन पिना. बहुतेक गाड्यांत एका पिनेवर चावी ऑन केल्यावर बॅटरीचा प्लस येतो. दुसऱ्या पिनेची वायर ईसीएमकडे जाते, आणि ईसीएम तिला सेकंदाला कितीतरी वेळा अर्थ देतो (बॅटरीच्या मायनसला जोडतो) आणि सोडतो.

ईसीएमला व्हॉल्व्ह दिसत नाही, त्याला कळतं फक्त स्वतःच्या पिनेवरचं व्होल्टेज. अर्थ सोडलेला असताना प्लस व्हॉल्व्हच्या कॉइलमधून फिरून त्याच्या पिनेपर्यंत यायला हवा. तो आला नाही की सर्किट तुटलं असं धरून तो पी०४४४ लिहितो. कुठे तुटलं हे त्याला सांगता येत नाही. येणाऱ्या प्लसमध्ये, कपलरमध्ये (व्हॉल्व्हला वायरी जोडणारं सॉकेट), कॉइलमध्ये की परतीच्या वायरीत, ते आपणच शोधायचं. म्हणून कोडमध्ये व्हॉल्व्हचं नाव आलं की व्हॉल्व्हच बदलायचा, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. (पी०४४२, ०४५५, ०४५६ हे वाफेच्या गळतीचे कोड. टाकीचं झाकण, पाइप वगैरे त्यांच्यासाठी बघायचं. तुमच्या कोडशी त्याचा संबंध नाही.)

आता मीटरचा घोळ. बरेच जण कपलर काढतात, चावी ऑन करतात, मीटर लावतात, १२.४ व्होल्ट दिसले की “सप्लाय ओके” म्हणून मोकळे होतात. पण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. वायरीतल्या तारा आतून कळकून संपर्क नावापुरता उरला असला तरी मीटरवर पूर्ण व्होल्टेज दिसतं. व्हॉल्व्हला अर्धा अँपिअरच्या आसपास करंट लागतो. तो मागितला की त्या कळकलेल्या जागीच बरंचसं व्होल्टेज पडतं. त्यामुळे लोड टाकूनच, म्हणजे खरा करंट ओढूनच तपासायचं, आणि त्याला पार्किंगचा ५ वॅटचा साधा काचेचा बल्ब पुरतो, कारण तोही ०.४ अँपिअरच्या आसपासच घेतो. एलईडीवाला टेस्टर नको, तो नावापुरत्या करंटवर पेटतो आणि मीटरसारखाच फसवतो.

मागच्या पावसाळ्यातली एक गाडी सांगतो. कोड हाच, व्हॉल्व्ह नवा, मीटरवर १२ च्या वर. बल्बचं एक टोक प्लसच्या पिनेला आणि दुसरं बॉडी अर्थला लावलं, तर आतली तार नुसती लालसर झाली. त्या गाडीत इंजेक्टरचा प्लसही त्याच फ्यूजवरून येत होता. इंजिन व्यवस्थित चालत होतं, म्हणजे फ्यूज आणि रिले ठीक, दोष फाटा फुटल्यानंतरचा. मग वायर हातात धरून बोटाबोटाने पुढे सरकत गेलो. बॅटरीच्या ट्रेखाली एका जागी ती जरा फुगल्यासारखी लागली. दोन्ही बाजूंनी हलकेच ओढली तर रबरासारखी लांबली. तांबं शाबूत असलेली वायर लांबत नाही. आवरण वरून अखंड होतं, कापल्यावर आत हिरवी भुकटी. पितळी भांड्यात ताक कळकावं तशी तार कळकलेली होती. बॅटरीचं ॲसिड कधीतरी ठिबकलं असणार आणि ते आवरणाच्या आतून वर चढत गेलेलं. वीतभर तुकडा बदलला, काम संपलं. आधीचे दोन्ही व्हॉल्व्ह चांगले होते.

तुमच्या गाडीत हेच असेल असं नाही. पण बॅटरीखाली बघा, वायर इंजिनला किंवा ब्रॅकेटला घासते तिथे बघा, आणि सोसायटीत उघड्यावर लावत असाल तर उंदरांनी कुरतडलेलं काही आहे का तेही बघा. आणखी एक जागा लोक विसरतात, ती म्हणजे कपलरमधली पिन. मीटरची जाड सुई समोरून खुपसली की आतली मादी पिन फाकते, मग नवा व्हॉल्व्ह लावला तरी पकड ढिली राहते आणि खड्ड्यात गाडी आदळली की संपर्क तुटतो. आठवड्याभराने परत येणाऱ्या कोडमागे मी हे बऱ्याचदा पाहिलंय. त्याच मापाची नर पिन आत सारून ओढून बघा, पकड जाणवायला हवी. तपासायचं असेल तेव्हा कपलरच्या मागून, वायरीच्या कडेने टाचणी सारून तपासा. वायरीचं आवरण टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरतं.

प्लसची बाजू बल्बवर स्वच्छ पेटली की परतीची बाजू. व्हॉल्व्हचा कपलर काढून कपलरच्या दोन पिनांमध्ये तोच बल्ब लावा आणि इंजिन चांगलं तापू द्या. थंड इंजिनवर ईसीएम व्हॉल्व्ह चालवतच नाही, त्यामुळे सकाळी पहिल्या स्टार्टला बघून “सिग्नल नाही” म्हणणं चूक. तापल्यावर थोडी रेस दिली की बल्ब मंद का होईना, लुकलुकायला हवा. स्कॅनरमध्ये ॲक्टिव्ह टेस्ट, म्हणजे स्कॅनरवरूनच व्हॉल्व्ह चालवायची सोय, असेल तर आणखी सोपं. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब मात्र इथे कधीच नको, तो पावणेदोन अँपिअर ओढतो आणि ईसीएमचा चांगला ड्रायव्हर, म्हणजे अर्थ देणारा आतला स्विच, त्याने जायचा.

बल्ब लुकलुकला नाही तरी लगेच ईसीएमवर बोट ठेवायचं नाही. चावी बंद करा, बॅटरीचा मायनस काढा, ईसीएमचा कनेक्टर सोडवा आणि परतीची वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत बल्बमधूनच तपासा. त्यासाठी बॅटरीचा प्लस आणि मायनस वेगळ्या जंपर वायरींनी थेट आणा, गाडीतून नको. ईसीएमच्या कनेक्टरमधली पिन हिरवी पडली आहे का, मागे सरकली आहे का, तेही पाहा. त्या वायरीतून बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो, पिना घट्ट आहेत, प्लस चांगला आहे आणि तरीही ईसीएम अर्थ देत नाही, असं झालं तरच तो दोषी.

याच्या उलटही होतं. परतीची वायर बॉडीला घासून कायमची अर्थ झाली तर व्हॉल्व्ह सतत उघडा राहतो, आयडलिंग बिघडतं, पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर स्टार्ट होत नाही. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून कपलर लावताना व्हॉल्व्हने ‘टक’ केलं तर समजा अर्थ कायम मिळतोय. मग चावी बंद करून ईसीएमचा कनेक्टर काढा. अर्थ तरीही राहिला तर वायर, गेला तर ईसीएम.

हे सगळं मोकळ्या हवेत करा. पेट्रोलच्या वाफेचे पाइप जवळ असतात, ठिणगी नको.

आणि एक काम आज रात्रीच करा. काढलेला पहिला, कंपनीचा व्हॉल्व्ह गॅरेजमधून परत मागून घ्या आणि त्याच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. साधारण २० ते ३० आला तर तो चांगलाच होता आणि दोष पहिल्या दिवसापासून वायरिंगमध्येच आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो व्हॉल्व्ह खरंच गेला होता, पण दोष परत आलाय म्हणजे बदलताना कपलरची पिन फाकली का ते आधी बघा. तीन-चार ओहम आला तरच मला काळजी वाटेल, कारण अशी शॉर्ट कॉइल तीन-चार अँपिअर ओढते आणि ईसीएमचा ड्रायव्हर जाळू शकते. आकडा कमेंटमध्ये लिहा, सोबत बल्ब कसा पेटला तेही. पुढे कुठली वायर धरायची ते मी सांगतो.