बीएस्सी ॲग्री करणाऱ्या मुलीला बचत गटांत काम करायचंय

प्रश्न : मुलगी बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ६८ टक्के आहेत. आमची द्राक्षबाग आहे. मी बाजार बघतो, बाग तिची आईच सांभाळते. मुलीला एमपीएससी किंवा बँकेच्या परीक्षेला बसवायचं आमचं ठरलंय. ती मात्र पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी तालुक्यांतल्या बायकांच्या बचत गटांत काम करायचं म्हणते. समाजसेवा लग्नानंतरही होते, हे तिला कसं पटवावं?
– एक पालक, निफाड

उत्तर : मार्कांची काळजी सोडा. तुमचं ठरलंय, पण तिने ही वाट का धरली हे तिला विचारल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. ते आधी विचारा. मन नसताना अभ्यासिकेत बसवलेल्या मुलांची दोन-तीन उमेदीची वर्षं जातात आणि घरात अबोला येतो तो वेगळाच. कृषी सेवा आणि बँकेतल्या कृषी अधिकारीपदाच्या परीक्षा वयात बसेल तोवर पुढेही देता येतील.

फावल्या वेळात करायची समाजसेवा, हा तुमचा मोठा गैरसमज आहे. हे हिशेबाचं आणि शेतीचं काम आहे. दहा जणींचा गट महिना प्रत्येकी शंभर रुपये टाकतो, वर्षाला १२,००० जमतात. पासबुकात ते सगळेच्या सगळे पडून असतील तर गट चांगला चाललाय असं वाटतं. खरं तर तो बंद पडायला लागलेला असतो, कारण अंतर्गत कर्ज, म्हणजे बचतीतून सदस्यांनाच द्यायचं कर्ज, फिरलेलंच नसतं. मग गरजेला बाई सावकाराकडे किंवा मजूरटोळीच्या मुकादमाकडे उचल मागते. वही एकट्या सचिवाच्या हाती असेल तर ती गावाबाहेर गेली की हिशेब अडतो, संशय वाढतो, गट फुटतो. बैठकीच्या वेळेचंही तसंच. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), पुढे काढणी. याच बायका टोळीने दिंडोरी-निफाडच्या बागांत असतात. तेव्हा दुपारची बैठक ठेवणाऱ्याला रिकामी सतरंजीच दिसणार. हे सगळं ओळखायला शिकलेलं, पूर्णवेळ माणूस लागतं.

उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान), माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी विज्ञान केंद्रं इथे अशी कामं निघतात. बहुतेक कंत्राटी, आणि सुरुवातीचा पगार बँकेपेक्षा कमी. हे तिला स्पष्ट सांगा, पण भीती घालू नका.

आता तुम्हाला एक विचारतो. बाग पत्नी सांभाळते, तर सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का? नसेल तर स्वतःच्या नावावर पीककर्ज काढायलाही ती अडते. तुमच्याच जिल्ह्यात चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. पुढे लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची, चळवळ उभी राहिली आणि १९९२मध्ये शासनाचं परिपत्रक निघालं : नवऱ्याने अर्ज केला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तलाठ्याकडे अर्ज द्या, फेरफार (नावातल्या बदलाची नोंद) मंजूर झाला की नवा उतारा काढून नाव कुठे लागलंय ते बघा. मालकाच्या रकान्यात हवं, 'इतर अधिकारात' नको. हा अर्ज मुलीला लिहू द्या, तिला पुढे हेच काम करायचंय.

शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली की महिनाभर तिला दोन-तीन गावांतल्या बैठकांना बसू द्या आणि वह्या तपासू द्या. त्यानंतरही तिचं मन तिथेच असेल तर अडवू नका. फक्त नेमणूकपत्र घेताना प्रवासभत्ता वेगळा आहे का, ते विचारायला सांगा. सुरगाण्याच्या पाड्यांवर दुचाकीशिवाय काम होत नाही, आणि पेट्रोल पगारातून गेलं तर हाती फार थोडं उरतं.