जितकं शिकते, तितकी भीती वाढते

"ताई, जितकं शिकते तितकी जास्त घाबरते. मग शिकूच नको का?"

अमळनेर तालुक्यातल्या एका गावाहून आलेल्या आईचा हा पहिलाच प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) मुलाच्या अन्नाच्या ऍलर्जीबद्दल मोबाइलवर शिकणाऱ्या आया माझ्याकडे येतात, तेव्हा थोड्याफार फरकाने हेच विचारतात. म्हणून ही हकीकत जरा सविस्तर लिहितेय.

मुलगा साडेपाच वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी थंडीत शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, बडगीत ठेचली, तेलात तळलेले शेंगदाणे त्यात पडले. आजीने कळण्याच्या पुरीसोबत नातवाला एक घास भरवला. काही मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली आणि छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागला. मोटरसायकलवरून दवाखाना गाठला, इंजेक्शन मिळालं, पोरगं वाचलं. पुढे तपासण्या होऊन शेंगदाण्याची ऍलर्जी असल्याचं पक्कं झालं.

तेव्हापासून ही आई शिकत होती. पालकांसाठीचा एक ऑनलाइन कोर्स तिने पूर्ण केला होता, शिवाय रात्री सगळे झोपले की दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ. मी मोबाइल बघायला मागितला. साठवलेले चाळीसच्या वर व्हिडिओ होते. काही खरोखर चांगले, बालरोगतज्ज्ञांनी केलेले. काहींत मूल गमावलेल्या आईबापांच्या आठवणी. आणि एक 'ऍलर्जी मुळापासून घालवणाऱ्या' पावडरीचा, खाली पैसे भरायची सोय असलेला.

"यातलं घरात अजून कुणी पाहिलंय?" मी विचारलं.

"कुणीच नाही. हे म्हणतात, तू बघतेस ना सगळं. आणि आईंना काय समजणार?"

माझ्या मते दुखणं इथेच होतं. घरात जाणणारी एकटी तीच, मग राखणदारही एकटीच. लग्नात नेणं बंद, शेजारी पाठवणं बंद, आणि आता जूनमध्ये पहिलीत घालायचं तर शाळाही नको म्हणत होती. माहिती वाढत गेली तसं एकटीच्या डोक्यावरचं ओझंही वाढत गेलं. त्यालाच ती भीती म्हणत होती.

दुसरी गोष्ट जेवणाची. कोणत्या तरी व्हिडिओत शेंगदाणा हा डाळींच्या कुळातला आहे असं ऐकून तिने तूर, मूग, हरभरा, वाटाणा सगळंच बंद केलं होतं. पोरगं दहीभातावर होतं, वजन वाढत नव्हतं. शेंगदाण्याची ऍलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना डाळी चालतात. ज्याचा त्रास होतच नाही ते काढून टाकलं की मुलाचं पोषण तेवढं कमी होतं. मी तिला तिच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं आणि त्यांच्या सल्ल्याने वरण पुन्हा ताटात आलं. रक्तातल्या 'आयजीजी' नावाच्या प्रतिपिंडांवरून शंभरेक पदार्थांची यादी देणारी महागडी तपासणी ती मागवणार होती, तीही थांबवली. त्या तपासणीने अन्नाच्या ऍलर्जीचं निदान होत नाही.

पुढच्या वेळी मी सासूबाईंना बोलावलं. त्या खुर्चीच्या काठावर बसल्या, पदर सावरत. बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मन्हा हातथून व्हयनं ते." दोन वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणासमोर बोलल्या नव्हत्या. सून ऐकत होती. तिला वाटत होतं, आईंना काहीच वाटत नाही.

बोलता बोलता दुसरंही बाहेर आलं. नणंदेने पुण्याहून सांगितलं होतं, लहानपणी शेंगदाणा दिला तर ऍलर्जी होतच नाही, विलायतेत सिद्ध झालंय. म्हणून आजीच्या मनात होतं, बोटभर चाटवत राहावं, सवय होईल. हा अभ्यास खरा आहे. २०१५ साली इंग्लंडमधून तो प्रसिद्ध झाला. पण त्यात ४ ते ११ महिन्यांची, तीव्र एक्झिमा (त्वचेला खाज आणि पुरळ येणारा विकार) किंवा अंड्याची ऍलर्जी असलेली बाळं होती, ज्यांना शेंगदाण्याची ऍलर्जी पुढे होऊ नये म्हणून तो खाऊ घातला. ज्याला एकदा श्वास कोंडण्याइतकी रिऍक्शन आलीय, त्याला घरी चाटवणं ही वेगळीच आणि जिवावरची गोष्ट. हळूहळू मात्रा वाढवण्याचे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होतात. हे सगळं मी आजींना सावकाश, दोनदा सांगितलं. अर्धवट ऐकलेलं खरं हे धडधडीत खोट्यापेक्षा घरात जास्त चालतं, हे मी वारंवार पाहिलंय.

ऑनलाइन शिकू नका, असं मी कुणालाच म्हणत नाही. आपल्याकडे ऍलर्जीतज्ज्ञ मोठ्या शहरांत, त्यामुळे गावातल्या आईला मोबाइलचाच आधार. पण तिच्या कोर्समध्ये पीनट बटर, विमानप्रवास आणि वाढदिवसाचा केक होता. तिच्या स्वयंपाकघरात कुटाचा डबा, त्यातला चमचा, चटणीचं मिक्सरचं भांडं, एकादशीची खिचडी आणि घाण्याचं तेल. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात उरू शकतं. हे तिला माहीत होतं, तरी तेल घाण्याचंच येत होतं, कारण तेल आणायचे सासरे आणि त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग एक वही केली. तीन रकाने: काय पाहिलं, घरात काय केलं, कुणाला दाखवलं. तिसरा रकाना भरल्याशिवाय पुढचा व्हिडिओ नाही, आणि रात्री नऊनंतर मुळीच नाही. पहिल्या आठवड्यात फक्त कुटाचा डबा: वेगळ्या फळीवर, वेगळा चमचा, लाल झाकण. दुसऱ्या आठवड्यात पाकिटावरचं वाचणं. पाकीटबंद पदार्थांवर शेंगदाण्याचा उल्लेख करणं आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी बंधनकारक आहे. पण सुट्या फरसाणावर, संक्रांतीच्या तिळगुळावर काही लिहिलेलं नसतं. ते पोराने घ्यायचं नाही, हे त्याला स्वतःला म्हणता यायला हवं. "माझ्या पोटाला चालत नाही," एवढं वाक्य त्याने पाठ केलं.

सर्वांत कठीण भाग इंजेक्शनचा. विलायती व्हिडिओत पेनसारखं तयार इंजेक्शन दिसतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी ऍड्रेनॅलिनचं, म्हणजे अशा रिऍक्शनमध्ये जीव वाचवणाऱ्या औषधाचं, ऍम्प्युल (काचेची छोटी कुपी) आणि १ मिलीची सिरिंज लिहून दिली होती. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, पोराचं वजन १८ किलो, कुपीत एका मिलीत एक मिलिग्रॅम औषध, म्हणून ०.१८ मिलीची खूण त्यांनी सिरिंजवर काढून दिली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. खाज-सुजेसाठी दिलेलं सिरप श्वास वाचवत नाही, त्याचा परिणाम बघत थांबायचं नाही. श्वास अडला, आवाज बसला, पोर मलूल पडलं, की आधी इंजेक्शन, लगेच १०८, मुलाला चालवायचं नाही. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, त्रास काही तासांनी उलटू शकतो.

डॉक्टरांकडच्या नर्सबाईंनी सराव करून घेतला, मोसंबीवर, साध्या पाण्याने. आईचा हात पहिल्यांदा इतका थरथरला की सुई सालीवरून घसरली. चौथ्या वेळेला बरोबर गेली. तोवर बाजूला बसलेल्या आजी उठल्या आणि मोसंबी हातात घेतली. "माले बी दखाडा." त्यांना ती बारीक खूण दिसेना, म्हणून त्यांचं काम ठरलं: पोराला धरायचं आणि १०८ ला फोन लावायचा.

डबी कुठे ठेवायची यावरही बोलणं झालं, कारण खानदेशी उन्हाळा. मोटरसायकलच्या डिकीत नाही, खिडकीत नाही, फ्रिजमध्येही नाही. त्यांनी माजघरातल्या देवळीत जागा केली, मुदत संपायची तारीख मोठ्या अक्षरात वर चिकटवली.

जूनमध्ये पोरगं पहिलीत गेलं. वर्गशिक्षिकेला आईने स्वतः वही दाखवली, डॉक्टरांचा कागद आणि इंजेक्शनची दुसरी डबी शाळेत दिली. खिचडीत काय पडतं ते स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारून आली. चिक्की वाटतील त्या दिवशी त्याला घरून लाडू. पहिले आठ दिवस ती शाळेसमोरच्या लिंबाखाली बसून असायची. आता नसते. रात्री अजूनही कधी कधी जाग येते म्हणते, पण मोबाइल हातात घेत नाही.

पुढच्या वेळी पोराच्या वडिलांना सोबत आणायचं ठरलंय. शाळेतून पोराला मोटरसायकलवर तेच आणतात, आणि मोसंबी अजून त्यांनी एकदाही हातात घेतलेली नाही.