बायोप्सीच्या आधी दुखण्याबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४३, पाळीत खूप ब्लीडिंग, सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर जाड आलंय आणि डॉक्टर म्हणाल्या ओपीडीतच बायोप्सी करू, म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू, दोन मिनिटांचं काम आहे, पण जाऊबाईंचं ऐकून तुम्ही घाबरलाय. मी यातून गेलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बायोप्सीला मी काहीच न विचारता गेले, उपाशीपोटी, गोळीबिळी न घेता. ती पातळ प्लॅस्टिकची नळी आत असते मिनिटभरच, पण पिशवीचं तोंड चिमट्यात धरलं आणि मग आतून तुकडा ओढून घेतला तेव्हा अशी कळ आली की घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. सिस्टर म्हणाल्या दोन बाळंतपणं झालीत ना तुमची, मग एवढं काय. ते वाक्य मला दुखण्यापेक्षा जास्त लागलं, कितीतरी दिवस वाटायचं मीच नाजूक. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की पिशवीच्या तोंडाला धक्का लागला की काही बायकांचे नाडीचे ठोके आणि बीपी एकदम खाली येतं, धीर कमी-जास्त असण्याशी त्याचा काही संबंध नाही.

पुढे मिरेना (कॉपर टीसारखी पिशवीत बसवायची, पण हार्मोनवाली) बसवायची वेळ आली तेव्हा मी या डॉक्टरांना आधीच सगळं सांगितलं. त्यांनी जेवून तासभर आधी ब्रुफेन ४०० ही दुखण्यावरची गोळी घ्यायला सांगितली आणि पिशवीच्या तोंडाशी लिग्नोकेनचं, म्हणजे जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं, ते टोचताना दुखतंच, पण मग काही मिनिटं थांबून काम केलं आणि मला पाळीसारखं दुखलं, बस. शिवाय म्हणाल्या, हात वर केलात की मी थांबेन. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनेही २०२४ मध्ये म्हटलंय की कॉपर टी, मिरेना बसवण्याआधी प्रत्येक बाईशी दुखण्याबद्दल आणि त्यावरच्या उपायांबद्दल बोलायलाच हवं. मग बायोप्सीला का नको?

अॅसिडिटी-अल्सर, दमा, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ब्रुफेन मनाने घेऊ नका, विचारा. आणि फारच भीती वाटत असेल तर छोटी भूल देऊनही करतात, फक्त तेव्हा सहा तास आधीपासून काही खायचं नाही आणि सोबत कुणीतरी हवं.

नंतर दिवसभर ओटीपोटात कळा आणि थोडे दिवस डाग, एवढं चालतं, गरम पाण्याची पिशवी खूप बरी वाटते. घरात मेफ्टाल असतेच म्हणून ब्रुफेनवर तीही घेऊ नका, दोन्ही एकाच जातीच्या गोळ्या आहेत, आणि मेफ्टालने अंगावर पुरळ, ताप आला तर लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवा. बायोप्सीनंतर ताप, घाण वासाचा स्राव, तासाला एक पॅड भिजणं किंवा दुखणं वाढतच जाणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी जा.

अपॉइंटमेंट मिळाली की फोन करून विचारा, जेवून यायचं की उपाशी, आणि गोळी कुठली, किती वाजता. यावरूनच कळेल त्यांनी तुमच्या दुखण्याचा काही विचार केलाय की नाही.